काचेवरचा चौथा महिना

डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात गरम मेण होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या लॅबचं कुलूप मी नेहमीसारखं साडेआठला उघडलं होतं आणि आदल्या दिवशीचे बायोप्सीचे तुकडे मेणात बसवायला घेतले होते. पलीकडे डॉक्टरांची थोरली बहीण होती. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणतो. "गुरू गेला गं," त्या म्हणाल्या. "च्या ठेवलाय म्हणून हाक मारली, तर उठंनाच..." मी फोन ठेवला आणि परत मेणाकडे वळले. त्या दिवशी अकरा तुकडे होते. अकरा माणसं कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत पडली होती, आणि मेण थंड झालं की तुकडा नीट बसत नाही. अकराही ब्लॉक केले, भांडी पुसली, मग कुलूप लावलं. हे ब्लॉक कापून काचेवर घेतले तरी आता बघणार कोण, हा प्रश्न मला रिक्षात बसल्यावर पडला. तिथंच मी रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हटलं, बघू दे.

डॉ. गुरुपाद शेटे हे नाव कोल्हापुरात फार कुणाला माहीत असायचं कारण नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला लोक पेढे देतात, पाया पडतात. पॅथॉलॉजिस्टची रिपोर्टखाली नुसती सही असते, आणि यांची तर ती वाचताही यायची नाही. घर लिंगायत व्यापाऱ्यांचं, भावांचं कापडाचं दुकान, घरात कानडी आणि दुकानात मराठी. त्यातला हा एकटा डॉक्टर झाला, आणि डॉक्टर होऊनही माणसांपासून लांब, पडद्यामागं जाऊन बसला. लग्न केलं नाही. लॅब म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि माझी मेणाची भांडी, मधे हिरवा पडदा, मागच्या खोलीत डॉक्टर, त्यांचा मायक्रोस्कोप आणि पुडीतलं भडंग. मी उचगावची. लग्नानंतर दीड वर्षानं मला चार दिवसांसाठी म्हणून माहेरी पाठवलं, ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. म्हणून लॅबचा कोर्स केला आणि या माडीवर आले. सतरा वर्षं रोज बसनं यायचं, तुकड्यांचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, गुलाबी-निळा रंग द्यायचा आणि ट्रे पडद्याआड ठेवायचा. लोक काय बोलायचे ते बोलत असतील. आमच्यात बोलणं व्हायचं ते पेशींबद्दल.

पेशींना ते 'मंडळी' म्हणायचे. "बाई, इकडं या, ही मंडळी बघा, यांना वयाचं भान नाही," असा आवाज पडद्यामागून यायचा आणि मी हात पुसत आत जायची. पुण्याचा एक मित्र त्यांना परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स पोस्टानं पाठवायचा. नव्वदीची ती वर्षं. तेव्हा रोज काहीतरी नवीन कळत होतं म्हणे. मला त्यांनी समजावलं ते असं... आईच्या पोटात एका पेशीचं बाळ होतं, तेव्हा काही जनुकं मुकादमासारखी कामाला असतात. इथं मणका कर, इथं हात, तू वाढ, तू सरक, तू आता थांब. बाळाचं अंग बांधून झालं की त्यातली बरीच गप्प होतात. आणि मग पन्नास-साठ वर्षांनी कुणाच्या आतड्यात, कुणाच्या छातीत, ती परत हुकूम सोडायला लागतात. वाढ, सरक. थांब म्हणणारं मात्र कुणी उरलेलं नसतं. "कॅन्सरला लोक बाहेरचा राक्षस समजतात," ते म्हणायचे. "ज्यांनी आपल्याला पोटात घडवलं, त्यांचंच हे काम आहे बाई. भलत्या वेळी केलेलं." माशीच्या अळीची पुढची-मागची बाजू ठरवणारी जनुकं माणसाच्या कातडीच्या एका कॅन्सरात बिघडलेली सापडली, हे वाचलं त्या दिवशी त्यांनी खालच्या हॉटेलातून दोन स्पेशल चहा मागवले. एक मला. एरवी सर्जन लोक फोनवर एवढंच विचारायचे, "शेटे, आहे की नाही?" या विषयावर बोलायला सबंध कोल्हापुरात त्यांना एक माणूस होतं, आणि तेही कोर्स केलेली एक टाकलेली बाई. मला त्यातलं निम्मं कळायचं. पण ते निम्मं मला कुणीतरी सांगत होतं, याचं सुख मोठं होतं. माझ्याशी घरात कुणी बोलायचं ते पाणी आलं का, दूध तापवलं का, एवढंच.

मग ती तीन वर्षांची मुलगी आली. म्हणजे मुलगी नाही, बरणीत तिचं मूत्रपिंड आलं, गाठीसकट काढलेलं. तिचं नाव मी इथं सोनाली ठेवते आणि तिच्या आईचं सुरेखा. खरी नावं देत नाही, गावही नुसतं शिरोळकडचं म्हणते. मी काप काढले, रंग दिला, ट्रे आत ठेवला आणि थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला अक्षरशः ओरडून बोलावलं. काचेवर गाठ होती, पण गाठीत अर्धवट बांधलेलं मूत्रपिंड होतं. नळ्या सुरू केलेल्या आणि सोडून दिलेल्या, जाळीची सुरुवात आणि पुढं काही नाही. गर्भातल्या बाळाचं असतं तसंच. झेरॉक्समध्ये वाचलेलं सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं. डॉक्टर आनंदले होते. हो, आनंदलेच होते, खोटं कशाला लिहू? आणि त्यात आणखी आनंदाची गोष्ट म्हणजे हा प्रकार औषधाला चांगली दाद देणारा होता. नवरा दवाखान्यात पोरीपाशी थांबलेला, म्हणून रिपोर्ट न्यायला सुरेखा एकटीच आलेली. डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. इतक्या वर्षांत मी त्यांना पेशंटच्या माणसाशी बोलायला बाहेर आलेलं पाहिलं नव्हतं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "औषधं दिली की मुलगी चांगली होईल. आणि हे आत्ताचं नाहीच. ती तुमच्या पोटात होती ना, चौथ्या-पाचव्या महिन्यात, मूत्रपिंड तयार होत होतं, तेव्हा काही पेशींना थांबायचं कळलं नाही. त्या तशाच लहान राहून गेल्या." सुरेखानं सगळ्यातलं एकच उचललं. "चौथ्या म्हयन्यात?" डॉक्टर म्हणाले, हो, चौथा-पाचवा. ती बोटांची पेरं मोजत उभी राहिली. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही वाटलं कसं नाही, हे मी अजून स्वतःला विचारते. पदर सावरून ती जिना उतरली. डॉक्टर दिवसभर खुशीत होते. मलाही म्हणाले, "बाहेर येऊन बोलावं बाई मधनंमधनं. बरं वाटतं."

तीनेक आठवड्यांनी सुरेखा मला उचगावात नळावर दिसली. तिचं माहेर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे, हे मला तेव्हा कळलं. पोरगी सासरी, औषधं चालू, आणि आई इथं हंडा भरतेय. मी विचारलं, तिनं हंडा बाजूला ठेवला. मग बोलली. सोनाली पोटात होती त्या वर्षी दिवाळीच्या अवसेला सूर्यग्रहण होतं. सुरेखाला तेव्हा चौथा लागलेला. पोटुशीनं ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आणि हिनं विळीवर बसून वांगं चिरलं होतं. तेव्हा ते कुणी पाहिलं नाही. रिपोर्ट घेऊन ती घरी गेली आणि तिनंच सासूला सांगून टाकलं, रडत रडत, की डॉक्टर म्हणाले चौथ्या महिन्यात झालं. सासूनं दोन्ही गोष्टी जोडल्या. ज्या हातानं पोरीला चिरा पाडल्या त्या हातानं तिला औषध पाजायचं नाही, असं म्हणून तिला बापाकडं पाठवून दिलं. "चार दिसांसाठी," सुरेखा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना हे सांगितलं. वाटलं, म्हणतील, आपण काय करणार. ते भडंगाची पुडी हातात तशीच धरून बसले. मग म्हणाले, "माझ्या वाक्यानं गेली ती. मीच जाऊन सांगतो." रविवारी आम्ही एसटीनं शिरोळकडं निघालो. त्यांच्या मांडीवर पंच्यात बांधलेला मायक्रोस्कोप होता, कॉलेजच्या दिवसांतला, दिव्याऐवजी आरशाचा. खेड्यात वीज असेल-नसेल म्हणून तो. सोबत दोन काचा. एक सोनालीच्या गाठीची, दुसरी त्यांच्या शिक्षणाच्या काळातली, गर्भाच्या मूत्रपिंडाची. डोळ्यांनी बघितलं की माणसाला पटतं, असा त्यांचा विश्वास होता. सगळं आयुष्य डोळ्यांनी बघण्यात गेलेलं, दुसरं काय सुचणार?

सासू दुष्ट नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण मी तिला तशीच धरून गेले होते. केस गेलेली सोनाली तिच्या मांडीवर होती, डोक्याला लोकरीची टोपी, आणि म्हातारी चमच्यानं पेज भरवत होती. भरवलेलं उलटून पडायचं, ती पदरानं पुसायची आणि पुन्हा भरवायची. "या पावणं, बसा की. एवढ्या लांबनं आलासा," म्हणाली. सोनालीचा बाप तानाजी खांबापाशी उभा होता. डॉक्टरांनी सोप्यात पाट मांडून मायक्रोस्कोप ठेवला, आरसा आभाळाकडं वळवला आणि म्हातारीला एकेक काच दाखवली. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"दोन्ही येकच दिसतंय की वो डाक्टर."

"अगदी बरोबर!" डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"म्हंजी पोटात असतंय, तसंच ऱ्हायलंय."

"हो, तसंच राहिलंय."

"आनि ते चौथ्या म्हयन्यातलं."

"हो..." आता ते अडखळले.

"मंग म्या काय येगळं म्हनतीया?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "चौथ्या म्हयन्यात गिराण लागलं. गिराणात हिनं इळीवर चिरलं. आत जे चाललं हुतं ते तिथंच तुटलं. तुमच्या काचंतबी त्येच हाय."

डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कुणी केलेलं नाही आजी, पेशींची लाखो वेळा नक्कल होताना एखादी चुकते, सूर्याचा, विळीचा संबंध नाही... पण त्यांचाच पुरावा त्यांच्यावर उलटला होता आणि ते त्यांनाही कळत होतं. 'कुणीच केलं नाही' हे ऐकायला म्हातारीकडं जागाच नव्हती. पोरीला एवढं झालंय म्हणजे कुणीतरी केलेलंच असणार. मी आत पाहिलं. चुलीपाशी एक चिमुकलं परकर-पोलकं वाळत होतं, कुणीतरी उलटंच वाळत घातलेलं. आईनं घातलं असतं तर सुलटं घातलं असतं. आणि माझं डोकं फिरलं. माझी उचगावची भाषा बाहेर पडली.

"आज्जी, डाक्टर सांगाय लाजत्यात, म्या सांगते. ह्ये आईकडनं येत न्हाय. बापाकडनं येतंय, रक्तातनं. तुमच्या घरातलं हाय ह्ये. सुरेखीला आत घेणार नसलासा, तर गावात समद्यांस्नी सांगावं लागंल, बाकीच्या नातवंडांस्नीबी तपासाय लागंल."

शुद्ध थाप होती. म्हातारीनं लेकाकडं पाहिलं. तानाजीनं काही विचारलं नाही, वादही घातला नाही. पुढं येऊन त्यानं पोरीची टोपी सरळ केली. डॉक्टरांनी काचा रुमालात गुंडाळल्या आणि आम्ही उठलो. चौथ्या दिवशी सुरेखाला न्यायला सासरचं माणूस आलं.

परतीच्या एसटीत डॉक्टर जयसिंगपूरपर्यंत मांडीवरचा पंचा सोडून पुन्हा बांधत राहिले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही ओझं उतरवलं नाहीत बाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दिलंत." मीही फटकळ. म्हटलं, "लेकरू तरी आईपाशी जाईल." त्या दिवसानंतर पडद्यामागून हाक यायची बंद झाली. झेरॉक्स यायच्या, ते एकटेच वाचायचे. पानं उलटल्याचा आवाज मला पुढच्या खोलीत यायचा. 'मंडळी' हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. काम नीट चालायचं. दिवाळीला अक्कांकडून फराळ यायचा, माझी आई गेली तेव्हा ते उचगावला येऊन गेले. पण ते निम्मं कळणारं बोलणं गेलं ते गेलंच. मी माफी मागितली असती तर कदाचित परत मिळालं असतं. मागितली नाही, कारण मला वाईट वाटत नव्हतं. सुरेखा पोरीपाशी होती, पोरगी वाचली होती. वाईट वाटत होतं ते फक्त एकटं पडल्याचं, आणि त्याची माफी कुणाकडं मागायची? अशी नऊ वर्षं आम्ही एका पडद्याच्या दोन बाजूंना काढली. ते माझ्यावर रागावलेत, असं मी धरून चालले होते.

ते गेल्यानंतर महिन्याभरानं मी लॅबची आवराआवर करत होते. जुन्या काचांच्या पेट्या एका कॉलेजला द्यायच्या होत्या. दुपारी जिन्यात पावलं वाजली आणि एक टोपी घातलेला माणूस दारात उभा राहिला. केस पिकलेले. मी ओळखलं नाही.

"डाक्टर न्हाईत व्हय?" त्यानं विचारलं. "म्या तानाजी. सोनालीचा बाप. औंदा ऊस तुटून गेला तरी आलं न्हाईत, म्हटलं बघून यावं."

मी सांगितलं. तो बाकड्यावर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी विचारलं, डॉक्टर तुमच्याकडं येत होते? तो म्हणाला, दरसाल. "तुमी त्या दिशी बोलून गेलासा. त्याच्यामागनं म्हयन्याभरात डाक्टर एकलंच आलं, बांधावर. म्हणालं, बाई खोटं बोलल्या, तुमच्याकडनं काय बी आलेलं न्हाय, चला, आईस्नी सांगतो. म्या त्यांचा हात धरला. म्हटलं, नगा सांगू. आई गप झालीया. सुरेखी पोरीपाशी हाय. ऱ्हाऊ द्या माझ्यावरच."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"लई येळ बसलं. मंग म्हणालं, बरं."

रिपोर्टात एक शब्द चुकला तर स्वतः रिक्षा करून दवाखान्यात जाणारा माणूस तो. तो 'बरं' म्हणाला होता. नऊ वर्षं ते माझ्यावर रागावले नव्हते. माझ्याच खोट्यात ते वाटेकरी झाले होते आणि त्याची त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती. पडदा बाजूला करून तीन पावलं टाकली असती तर... पण ती मीही टाकली नाहीत.

"सुरेखाला माहीत आहे?" मी विचारलं.

"न्हाय. तिला वाटतंय माझ्याच रक्तातलं हाय. कधी शब्दानं बोलली न्हाय. उलट लई जपती." त्यानं टोपीची घडी मोडून पुन्हा घातली. "बाई, गिराणात वांगं तिनं माझ्यासाठी चिरलंतं. म्या पाणी पाजून आलतो, भूक लागलती. आई देवापाशी बसलेली. सुरेखी नगं म्हणत हुती. म्याच म्हटलं, काय हुत न्हाय, कर जा. ह्ये सुरेखी आनि डाक्टर सोडून कुणालाच ठावं न्हाय." मग म्हणाला, "तवा तुमी बापाचं नाव घेतलासा, ते मला बरंच वाटलं. पण डाक्टर आयकायचं न्हाईत. दरसाल यायचं, बांधावर बसायचं, आनि निघताना तेवढं येकच इचारायचं. तुमच्याकडनं आलेलं नाही, ध्यानात आहे ना? म्या म्हणायचो, हाय. मंग पुन्यांदा वरीसभर बरं जायचं."

चहा विचारला तर नको म्हणाला. सोनाली सातवीत आहे, खो-खो खेळते, असं सांगितलं आणि उठला. मी पेटी बांधायला घेतली. त्याची पावलं निम्मा जिना उतरली तेव्हा मी धावत कठड्यापाशी गेले आणि हाक मारली. त्यानं वर पाहिलं.

"तानाजीराव, तुमच्याकडनं आलेलं नाही. ध्यानात आहे ना?"

तो तिथंच उभा राहिला, भिंतीला हात टेकून.

"हाय," तो म्हणाला, आणि टोपी घालून खाली उतरला.